बहात्तर ते चौऱ्याहत्तरची महागाई: तुमच्या घरी चूल कशी चालली?

गाळा नंबर १४

लालबागची आमची खोली गेल्या महिन्यात रिकामी केली. पोटमाळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत आईची खानावळीची वही सापडली. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची. ऑक्टोबर १९७३ ते जून १९७४. डावीकडच्या पानांवर मेंबरांनी आईला द्यायचे पैसे, उजवीकडच्या पानांवर आईने वाण्याला द्यायचे. दोन रात्री ती वही वाचते आहे, म्हणून हा धागा.

ज्यांना गिरणगाव, म्हणजे मुंबईतला कापडगिरण्यांचा भाग, माहीत नाही त्यांच्यासाठी: कोकणातून, घाटावरून आलेले कामगार बायकामुलं गावी ठेवून एकेका गाळ्यात दहा-पंधरा जण राहायचे. ते जेवायचे आमच्यासारख्या घरी. त्यांना मेंबर म्हणत. आमच्याकडे तेरा मेंबर होते. तीन पाळ्यांमुळे स्टोव्ह पहाटे पेटायचा तो रात्री अकरापर्यंत. बाबा साचेवाले, म्हणजे गिरणीत मागावर काम करणारे, त्यांच्या पगारात पाच माणसांचं भागत नव्हतं, म्हणून खानावळ. मेंबरांची रेशनकार्डं आईच्या डब्यात असत आणि रेशनच्या रांगेत पिशवी ठेवून नंबर धरायचं काम माझं. मी तेव्हा अकरा वर्षांची.

महागाईत खानावळवालीचं काय होतं ते मला या वहीमुळे आता कळलं. तेल, डाळ, रॉकेल आठवड्या-आठवड्याला चढायचं. मेंबरचा दर मात्र महिन्याचा, आणि तोही पगार झाल्यावर हातात येणारा. म्हणजे आजच्या भावाने आणायचं आणि मागच्या भावाने वसूल करायचं. उजवीकडचं पान भरून दुसऱ्यावर जातं, डावीकडचं तेवढंच राहतं.

आईने ताटातून काय काय काढलं ते आठवतंय. आधी बुधवारची ओली मच्छी गेली, तिच्याजागी सुका जवळा आला. तुरीची आमटी गेली, गावाहून आलेल्या कुळथाची पिठी आली. मग खोबरं अर्धं झालं. भाताला मात्र तिने हात लावला नाही. पाळीभर साच्यावर उभा राहिलेला माणूस भात कमी पडला की कळवळतो, असं ती म्हणायची. आमच्या ताटातला भात कमी झाला आणि ती स्वतः पेज प्यायची.

१९७४ च्या सुरुवातीला गिरण्यांचा संप झाला. बाबाही घरी. डावीकडच्या पानांवर त्या दिवसांत नुसती नावं आहेत, आकडे नाहीत. चार मेंबर गावी गेले, बाकीचे मान खाली घालून जेवायला येत. एकाने येणं थांबवलं तर आईने मला त्याच्या गाळ्यावर पाठवलं होतं. तिचा निरोप होता: “आधी जेवा, पैशाचा मगे बघूया.”

याच काळात ती लाटणे मोर्चाला गेली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी या वेगवेगळ्या पक्षांच्या पुढाऱ्यांनी १९७२ पासून पक्ष बाजूला ठेवून महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी केली होती. आम्ही भाताची माणसं, घरात भाकरी थापली जायची, लाटणं नव्हतंच. आईने शेजारणीकडून मागून नेलं. पहिल्या पाळीची ताटं झाकून ठेवली आणि चाळीतल्या नऊ बायकांबरोबर निघाली. लग्नानंतर बाबांना न विचारता ती बाहेर पडली असेल तर त्या दिवशीच. परतली तेव्हा आवाज पूर्ण बसलेला होता.

आता मला जे खरं लिहायचंय ते. एका संध्याकाळी आमच्या वाण्याच्या दुकानासमोर गर्दी जमली. साखर आणि डालडा दडवलाय म्हणून. फळ्यांवर लाथा बसल्या, एक काच फुटली. पोरांच्या घोळक्यात मीही “साठेबाज, बाहेर ये” म्हणून ओरडत होते. आई वर कठड्याशी उभी होती. तिने मला वर बोलावलं, पण रागावली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वही आणि पिशवी माझ्या हातात दिली आणि त्याच दुकानात पाठवलं. उधारीवर पाच किलो तांदूळ आणायला. वाण्याने वर न बघता तांदूळ मापला, वहीत लिहिलं. त्या दिवशीची ती नोंद माझ्यासमोर आहे.

आई मोर्चात गेली आणि त्या दुकानावरही जगली. यातली ती कुठल्या बाजूची होती हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तुमच्या घरी काय झालं ते लिहा. घरात कोणी जुनं माणूस असेल तर त्यांना विचारून लिहा.

---

कोथिंबीर

ताई, मी पुण्यात शिकते, वय २१. हा काळ मला अजिबात माहीत नाही. एक विचारू? आईंनी दर वाढवला का नाही? सगळंच महागलं होतं तर मेंबरांनाही ते कळत असणार.

---

गाळा नंबर १४

@कोथिंबीर, वाढवला होता, दोनदा. वहीत आहे. पण मेंबर पगारातून गावी मनिऑर्डर करायचा. दर वाढला की ती मनिऑर्डर कमी व्हायची आणि तिकडे त्याच्या पोरांचं ताट कमी व्हायचं. आईची स्वतःची बहीण गावी अशाच मनिऑर्डरीवर होती. दर वाढवणं म्हणजे कोणाच्या तोंडातून काढणं, हे तिला नावानिशी माहीत होतं.

---

बालाघाट

मुंबईत रांगेत का होईना धान्य होतं. बीडकडे आमच्या गावात दुकानच उरलं नव्हतं. बहात्तरला पाऊस गेला, त्याच्या आदल्या वर्षीही हात आखडलेलाच होता. बहात्तरला विहिरींना थोडंफार पाणी होतं पण पोटाला नव्हतं. २०१२-१३ ला उलटं झालं, धान्य मिळत होतं आणि पाण्याला टँकर. म्हणून आमच्याकडे जुनी माणसं दोन्ही दुष्काळांची नावं वेगळी घेतात.

आजी खडी फोडायला जायची. तळहाताला फडकं बांधून. कामावर सुकडी, म्हणजे भाजलेल्या पिठाचं तयार खाणं, मिळायची, ती पदरात बांधून आमच्यासाठी आणायची, स्वतः तिथे खात नसे. घरी मिलो. अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. भाकरी थापताना काठाला चिरायची, गार झाली की दगड. तिकडे हे जनावरांना घालतात असं सगळे म्हणायचे, आणि तरी ती मिळावी म्हणून उन्हात बसायचे. त्याआधी रानातला तरोटा शिजवून झाला होता, बरबड्याच्या गवताचं बी कांडून झालं होतं.

१९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर दुष्काळी कामांवर ५० लाखांच्या जवळपास माणसं होती. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते. आमच्या तालुक्यातले निम्मे रस्ते त्या हातांचे आहेत. रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांनी आधीच मांडली होती, तासगाव तालुक्यात प्रयोगही झाला होता. पण ती राज्यभर उभी राहिली ती या माणसांमुळे. मजुरी थकली की लोक तहसीलवर चालत जायचे. आजीही गेली होती. घोषणा देता येत नव्हत्या तिला, ती नुसती बसून राहायची.

बायकांची कामं तेव्हा पुरुषांपेक्षा कमी नव्हती. हे कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहितो.

---

कोथिंबीर

मिलो म्हणजे तो पीएल-४८० चाच ना? आजोबांकडून नाव ऐकलंय.

---

पेठेतला

थोडी दुरुस्ती. पीएल-४८० चा, म्हणजे अमेरिकेच्या सवलतीच्या धान्य कायद्याखाली आलेला लाल गहू मुख्यतः साठच्या दशकातला. १९७१ च्या शेवटी सवलतीची ती आयात थांबली. बहात्तर-त्र्याहत्तरचा मिलो आणि गहू आपण बाजारभावाने विकत घेतला, आणि नेमका त्याच वेळी बाजार पेटलेला. १९७२ मध्ये सोव्हिएत रशियाने अमेरिकेतून प्रचंड गहू उचलला होता, जगभर भाव चढले. पुढे १९७३ मध्ये त्याच रशियाने आपल्याला २० लाख टन गहू उसना दिला.

त्याआधी १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेले सुमारे एक कोटी निर्वासित आणि युद्धाचा खर्च. मग दुष्काळ. एप्रिल १९७३ मध्ये केंद्राने गव्हाचा घाऊक व्यापार स्वतःकडे घेतला. शेतकऱ्याने त्या भावाला गहू दिला नाही, बाजारातून गहू गायब झाला, आणि वर्षभरात तो निर्णय मागे घ्यावा लागला. त्यात ऑक्टोबर १९७३ नंतर खनिज तेल चौपट. रॉकेलच्या रांगा त्यामुळे. १९७४-७५ मध्ये घाऊक किमती सरासरी २५ टक्क्यांनी वाढल्या. स्वतंत्र भारताने तोवर अशी वाढ बघितली नव्हती.

लालबागच्या वाण्याने दोन पोती दडवल्याने हे झालेलं नाही, एवढंच म्हणायचंय.

---

तागडी

हा धागा तीन वेळा उघडून बंद केला. मी वाण्याचा मुलगा. तुमच्या वाण्याचा नव्हे, पण आमचं दुकानही गिरणगावातच होतं आणि काच आमचीही फुटली.

बाबांवरून लिहितो. माल दाणा बंदरावरून, धान्याच्या घाऊक बाजारातून यायचा. घाऊकवाला आधी महिनाभर उधार द्यायचा. त्र्याहत्तरच्या दिवाळीनंतर रोख मागायला लागला, आणि सकाळचा भाव संध्याकाळी धरत नसे. खालून गिऱ्हाईक उधार मागतंय, वरून रोख. बाबांनी आईच्या पाटल्या विकून दुकान चालू ठेवलं. संपात गल्लीतली जवळपास सगळी घरं उधारीवर होती. ती वसूल करायला बाबा कधी कोणाच्या दारात गेले नाहीत.

आणि हो, साठा होता. पेठेतला, तुम्ही आमची बाजू घेतलीत, पण मला खरं लिहायचंय. तांदळाची चार पोती आणि साखरेचं एक पोतं आम्ही झोपायचो त्या माळ्यावर होतं. त्यावर गोधड्या टाकून आम्ही भावंडं झोपायचो. बाहेर “माल संपला” म्हणून सांगितलेलं. बाबांचं म्हणणं, ते नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठी राखलंय, उघडलं तर एका दिवसात अनोळखी माणसं घेऊन जातील आणि वहीवाल्यांच्या चुली विझतील. ते त्यांनी काळ्या भावाने विकलं नाही, हे मी छातीठोक सांगतो, कारण पोती उतरवायला मीच होतो. पण गर्दी फळ्यांवर लाथा मारत होती तेव्हा मी त्याच पोत्यांवर बसलो होतो आणि ते लोक खोटं बोलत नव्हते हे मला माहीत होतं.

गाळा नंबर १४, तुमच्या आईंनी दुसऱ्या दिवशी वही पाठवली. आमच्याकडेही तसंच झालं. ज्यांनी फोडलं त्यांच्याच घरची पोरं पिशव्या घेऊन आली. बाबांनी सगळ्यांना दिलं.

---

वरळी_बीडीडी

तागडी, तुमचं प्रामाणिक लिहिणं आवडलं. म्हणूनच विचारते. “नेहमीची गिऱ्हाइकं” म्हणजे कोण होती?

आमच्या आईचं नाव कुठल्याच वहीत नव्हतं. ती महापालिकेच्या झाडू खात्यात. पगार नियमित होता, गिरणीवाल्यांपेक्षा भरवशाचा. तरी आमच्या बाजूच्या चाळीतल्या बायकांना उधार मिळायचं आणि आम्हाला रोख. पैसे फळीवर ठेवायचे, हातात नाही. महागाईत हा फरक कसा वाढतो ते सांगते: ज्याचं नाव वहीत, त्याच्यासाठी माळ्यावर पोतं. ज्याचं नाही, त्याच्यासाठी “माल संपला”.

मोर्चे चालू होते त्याच जानेवारीत, १९७४ ला, वरळीच्या बीडीडी चाळींत दंगल पेटली. दलित पँथरच्या सभेपासून सुरुवात झाली आणि पुढे कित्येक दिवस धुमसत राहिली. १० जानेवारीच्या मोर्चावर इमारतीवरून पाटा टाकला गेला, त्यात पँथरचे भागवत जाधव गेले. वाटण वाटायचा पाटा. तो माणसावर टाकलेला ऐकल्यावर आमच्या आईने दोन दिवस घरात काही वाटलं नाही.

त्या दिवसांत दूध, पाव, रॉकेल काही मिळेना. आमच्या मजल्यावरच्या बायकांनी सगळ्या घरचं पीठ एकत्र केलं आणि एका खोलीत भाकऱ्या केल्या, माणशी एक. मुलांना आधी. बाहेर लाटणी घेऊन निघालेल्या बायकांचा आवाज आमचाही होता, आईला तो मोर्चा आवडायचा, एकदा ती गेलीही. पण परत येऊन म्हणाली, भाव खाली आला तरी वहीत नाव कोण घालणार?

---

गाळा नंबर १४

@वरळी_बीडीडी, तुमची पोस्ट वाचून वही पुन्हा उघडली. आमच्या तेरा मेंबरांची नावं आणि गावं बघितली. सगळे आमच्याच तालुक्यातले, आमच्याच आणि आसपासच्या जातींचे. आई प्रेमळ होती हे मी वर लिहिलं ते खरंच आहे. पण त्या ताटापर्यंत कोण पोहोचू शकत होतं हा प्रश्न मला पन्नास वर्षांत पडला नव्हता. तो तुम्ही विचारलात.

---

दांडिया बाजार

बडोद्याहून. आमच्या कितीतरी पिढ्या इथेच, गायकवाडांच्या काळापासून. चौऱ्याहत्तरचा जानेवारी म्हटलं की मला संचारबंदी आठवते आणि सिंगतेल, म्हणजे शेंगदाण्याचं तेल.

गुजरातेत घरात सिंगतेल नाही म्हणजे स्वयंपाकच नाही. शेंगदाणा पिकवणाऱ्या प्रदेशात तेल परवडेना, तेव्हा लोकांचा संताप वेगळाच होता. ठिणगी पडली अहमदाबादला, डिसेंबर १९७३ मध्ये, एल. डी. इंजिनिअरिंग कॉलेजच्या मेसचं बिल वाढलं त्यावरून. पोरांच्या जेवणाच्या बिलापासून निघालेलं ते नवनिर्माण आंदोलन दोन महिन्यांच्या आत मुख्यमंत्री चिमणभाई पटेलांच्या राजीनाम्यापर्यंत गेलं, ९ फेब्रुवारीला. अहमदाबादेत लष्कर उतरलं होतं. राज्यभरात शंभराच्या आसपास माणसं मेली.

संध्याकाळी ठरलेल्या वेळी घराघरांतून थाळ्या वाजायच्या. सरकारची मृत्युघंटा म्हणायचे. आमच्या आजीने सुरुवातीला नकार दिला, रिकामं ताट वाजवलं की घरात दारिद्र्य येतं म्हणून. मग एका रात्री गल्लीत गोळीबाराचा आवाज आला, कोणाचा तरी शिकणारा मुलगा गेला असं कळलं. दुसऱ्या संध्याकाळी आजी पितळी परात घेऊन गच्चीवर आली. तिचं वाजवणं थांबेना, आईने हात धरून खाली आणलं.

---

पॅसेंजर

वडील रेल्वेत फिटर. मध्य रेल्वेवरचं जंक्शनचं गाव. ८ मे १९७४ ला संप सुरू झाला, २७ ला मागे घेतला. देशभर १७ लाख कामगार होते त्यात. बोनस आणि आठ तासांचा दिवस या मागण्या सगळ्यांना आठवतात. पण स्वस्त धान्याची दुकानं रेल्वेने चालवावीत अशीही एक मागणी होती, ती कोणाला आठवत नाही. आमच्या घरात तीच सगळ्यात मोठी होती.

वडील दुसऱ्या आठवड्यापासून घरी नव्हते, कुठे ते आम्हाला सांगितलं नव्हतं. अनेक ठिकाणी संपकऱ्यांच्या घरच्यांना क्वार्टरबाहेर काढत होते, म्हणून आईने भांडी आधीच पोत्यात भरून ठेवलेली. फक्त तवा आणि एक पातेलं बाहेर. आसपासच्या खेड्यांतून काही शेतकरी बाया रात्री दादर ज्वारीची पोती आणून मागच्या दाराशी ठेवून जायच्या. दुष्काळातून नुकत्या उठलेल्या बाया त्या. @बालाघाट, तुमच्या आजीबद्दल वाचताना त्याच डोळ्यांसमोर आल्या.

संप फुटला तेव्हा वडील आले आणि तीन दिवस बोलले नाहीत. पुढच्या वर्षी आणीबाणी आली. आमच्याकडे सगळे म्हणाले, आता रांगा कमी झाल्या, भाव उतरले. उतरले होते, खोटं कशाला सांगू. वडील मात्र त्या स्वस्त गव्हाची पोळी खाताना गप्प असायचे.

---

तागडी

@वरळी_बीडीडी, काल रात्रभर विचार केला, मग मोठ्या भावाला फोन केला. तो दुकानावर माझ्याआधी बसायचा. विचारलं, आपल्या वहीत दलितांची घरं होती का. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “होती एक-दोन घरं.” त्यांचीही नावं त्याला आठवली नाहीत, बाकी सगळ्यांची आठवतात. फळीवर पैसे ठेवायची पद्धत आमच्या दुकानातही होती. मी स्वतः तशी नाणी उचललेली आहेत.

माझ्याकडे यावर उत्तर नाही. तुम्ही विचारलंत ते बरोबर आहे.

---

वरळी_बीडीडी

फोन केलात, खूप झालं. लिहीत राहा.

---

गाळा नंबर १४

वहीचं पुढे काय झालं ते काही जणांनी निरोपातून विचारलंय. जून १९७४ ला डावीकडे अकरा नावांपुढे रेघ आहे, म्हणजे चुकतं झालं. दोन नावांपुढे नाही. उजवीकडची बाकी मात्र बरीच मोठी होती. ती फेडायला आईने सावकाराकडून घेतले. गिरणगावातल्या बहुतेक खानावळवाल्यांची तीच गत होती. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं ते याच बायकांसाठी, राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज त्यांच्या नावावर मिळावं म्हणून. घर नावावर नाही, दागिना नाही, पण आयुष्यभर रोज वीस माणसांना जेवू घालतेय, ही पत बँकेने धरावी असं त्यांनी भांडून मान्य करून घेतलं. आईला दुसऱ्या वर्षी कर्ज मिळालं. सही शिकायला तिला चार संध्याकाळी लागल्या, पाटी माझी होती.

वाण्याचं शेवटचं देणं १९७७ च्या गणपतीआधी फिटलं. ते वेगळ्या कागदावर आहे, त्यावर तिची सही.

---

कोथिंबीर

ताई, एक सांगायचंय. मी एका काकूंकडून डबा घेते, आम्ही सहा मुली. गेल्या दोन महिन्यांपासून चार पोळ्यांच्या तीन झाल्या आणि वरण पातळ झालंय. आम्ही ग्रुपवर कुरकुर करत होतो, दुसरा डबा शोधायचं चाललं होतं. हा धागा वाचून काल मी डबा परत द्यायला स्वतः गेले आणि काकूंना विचारलं, की तुम्ही दर का वाढवत नाही. त्या म्हणाल्या, वाढवला तर तुम्ही सोडून जाल, आणि गॅसवाला थांबत नाही.

आम्ही सहाजणींनी बसून ठरवलं. पैसे एक तारखेला आगाऊ देणार आणि दर त्यांनी सांगायचा. आज त्यांनी सांगितला. दोघींना तो जड आहे, त्यांचं बाकीच्या चौघी बघू. अजून एक विचारलं, त्यांच्याकडून डबा हवा होता पण त्यांनी कोणाला नाही म्हटलं होतं का. त्या गप्प राहिल्या. ते मी पुन्हा विचारणार आहे.

डब्यात आज चार पोळ्या होत्या.